पीपीसीत (राख मिसळलेल्या पोर्टलँड सिमेंटमध्ये) वीज केंद्राची राख ३० टक्क्यांवर अडकली आहे. सिमेंटच्या टनामागे चुनखडी आणखी कमी कशी करता येईल?

क्लिंकर_कोरपना (प्रश्न)

नमस्कार मंडळी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका जुन्या लाइनबद्दल विचारायचं आहे. कोळशावर चालणारी भट्टी, सहा टप्प्यांचा प्रीहीटर (भुकटी भट्टीआधी तापवणारे सायक्लोन), सिमेंटसाठी क्लोज्ड सर्किट बॉल मिल (सेपरेटर भरड माल परत दळायला पाठवतो ती). सध्याचे आकडे असे:

भट्टीला जाणारी चुनखडी: कॅल्शियम ऑक्साइड (चुना) ४४.५, सिलिका ११.९, ॲल्युमिना २.३, लोह १.३ टक्के. सोबत लॅटराइट (लोह देणारा जांभा दगड) २ टक्के. कोळशाची राख क्लिंकरमध्ये (भट्टीतून भाजून निघणाऱ्या खड्यांमध्ये) ६ टक्के उतरते. १ टन क्लिंकरला १.४८ टन रॉ मील (भट्टीला जाणारी दळलेली भुकटी), त्यातली चुनखडी १.४५ टन. क्लिंकरचा एलएसएफ (सिलिका, ॲल्युमिना, लोह यांच्या मानाने चुना किती, त्याचा अंक) ९४ च्या आसपास.

विक्रीत ६० टक्के पीपीसी, ४० टक्के ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट). पीपीसीत क्लिंकर ६६, राख ३०, जिप्सम ४. ओपीसीत क्लिंकर ९६, जिप्सम ४, बाकी काही नाही.

राख ३३ वर नेली की ३ दिवसांची ताकद १७-१८ मेगापास्कलवर येते आणि सेटिंगही लांबतं. आयएस (भारतीय मानक) १४८९ भाग १ ची अट १६ ची आहे, त्यामुळे इतक्या काठावर माल पाठवणं धोक्याचं वाटतं. दुसरीकडे खाणीत ३६ ते ४० टक्के चुन्याच्या दगडाचा मोठा ढीग वर्षानुवर्षं पडून आहे.

प्रश्न तीन:
१) सुरुवात कुठून करावी? राख, ओपीसी की खाण?
२) ब्लास्ट फर्नेसची स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) रॉ मिक्समध्ये (भट्टीला जाणाऱ्या मिश्रणात) घालून चुनखडी वाचवावी असा एक प्रस्ताव आहे. बरोबर आहे का?
३) एलसी३ चा (भाजलेली माती आणि चुनखडी मिसळलेल्या सिमेंटचा) विचार आमच्या भागात करावा का?

चुना_हिशेब

आधी मोजमाप बदला. "टन क्लिंकरमागे चुनखडी" हा आकडा फार हलत नाही, कारण क्लिंकरमध्ये ६४-६५ टक्के चुना लागतोच. तो कमी केला तर सी३एस (क्लिंकरमधला सुरुवातीची ताकद देणारा घटक) जाईल आणि मग राख घालायला जागाच उरणार नाही. त्यामुळे दगड दोनच वाटांनी वाचतो: सिमेंटमध्ये क्लिंकर कमी, किंवा चुना कार्बोनेटऐवजी दुसऱ्या कशातून. "टन सिमेंटमागे चुनखडी" हा आकडा फलकावर लावा.

तुमच्या आकड्यांवरून:
पीपीसी: ०.६६ × १.४५ = ०.९६ टन.
ओपीसी: ०.९६ × १.४५ = १.३९ टन.
६०:४० ने सरासरी १.१३ टन.

आता कोणत्या बदलातून सरासरीवर किती पडतं ते बघा. पीपीसीत राख ३० वरून ३३ नेली तर पीपीसीच्या टनामागे ४३ किलो, म्हणजे सरासरीवर २६ किलो. ओपीसीत आयएस २६९ (२०१५) प्रमाणे ५ टक्क्यांपर्यंत परफॉर्मन्स इम्प्रूव्हर (राख, स्लॅग, चुनखडी अशी भर) चालतो. तो घातला तर ओपीसीच्या टनामागे ७२ किलो, सरासरीवर २९ किलो. आणि विक्रीतलं १० टक्के ओपीसी पीपीसीकडे वळवता आलं तर सरासरीवर जवळजवळ ४४ किलो. सगळे राखेच्या मागे लागतात, पण तुमच्याकडे ओपीसीतली ५ टक्के जागा रिकामीच पडून आहे. ती आधी भरा. मिलमध्ये एक वेगळा वेफीडर आणि महिनाभराच्या चाचण्या, एवढंच काम आहे.

इथे एक गोष्ट सांभाळा. इम्प्रूव्हर म्हणून चुनखडी घालायची तर तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट निदान ७५ टक्के हवं, म्हणजे चुना ४२ टक्क्यांच्या वर. तुमचा ३६-४० चा ढीग या अटीत बसत नाही. आणि चांगला दगड त्यात घातला तर ७२ किलो वाचवून ५० किलो परत खर्च केल्यासारखं होतं. त्यामुळे इम्प्रूव्हर राखेचा किंवा स्लॅगचाच ठेवा.

दुसरा प्रश्न, स्लॅगचा. दाणेदार, पाण्याने झटकन थंड केलेली स्लॅग रॉ मिक्समध्ये घालणं म्हणजे चांगला माल वाया घालवणं आहे. तिच्यात चुना साधारण ३५ टक्के. १०० किलो स्लॅग रॉ मिक्समध्ये घातली तर ३५ ÷ ४४.५, म्हणजे ७९ किलो चुनखडी वाचते. तीच १०० किलो सिमेंटमध्ये क्लिंकरऐवजी गेली तर १४५ किलो वाचते, शिवाय ते क्लिंकर भाजायचं इंधनही. शिवाय स्लॅगमध्ये सिलिका ३२-३४ टक्के असते. तिचा स्वतःचा एलएसएफ ३० च्या घरात येतो. तुमच्या ४४.५ च्या दगडात इतकी सिलिका सामावणार नाही, एलएसएफ कोसळेल. मग तो सावरायला आणखी उच्च दर्जाचा दगड लागेल, आणि नेमका तोच तर वाचवायचा आहे.

हवेत सावकाश थंड झालेली स्लॅग सिमेंटमध्ये निरुपयोगी असते, काच नसल्याने प्रतिक्रिया देत नाही. रॉ मिक्सचा विचार फक्त तिच्यासाठी करा, तोही खाणीत ४७ च्या वरचा दगड असेल तरच. पोलाद कारखान्याची एलडी स्लॅग वेगळी. तिच्यात चुना ४० च्या वर आणि लोह भरपूर असतं, त्यामुळे २-३ टक्क्यांत लॅटराइटची गरज भागू शकते. पण धातूच्या लोहाचे तुकडे रॉ मिलचं नुकसान करतात. पट्ट्यावर चुंबक आणि मेटल डिटेक्टर दोन्ही हवेत. फॉस्फरसही सांभाळावा लागतो, क्लिंकरमध्ये तो वाढला की सी३एस घटतं आणि सुरुवातीची ताकद पडते. तुमची अडचण आधीच ३ दिवसांच्या ताकदीची आहे, हे विसरू नका.

बल्लारपूरला कागद गिरणी आहे. कागद गिरण्यांचा चुन्याचा गाळ मिळत असेल तर विचारून पाहा. चुना ५० टक्क्यांच्या आसपास आणि आधीच बारीक. पण ओलावा जास्त, हॉपरमध्ये चिकटतो, आणि सोडा व क्लोराइड बरोबर येतात. बायपास (क्लोराइड बाहेर काढणारी वाट) नसलेल्या भट्टीत रॉ मीलमधलं क्लोराइड ०.०१५-०.०२ टक्क्यांच्या वर गेलं की शेवटच्या सायक्लोनमध्ये आणि राइजरमध्ये थर साचतात. आधी २ टक्के घालून पाहा आणि हॉट मीलचं (भट्टीत शिरणाऱ्या तापलेल्या मीलचं) क्लोराइड रोज तपासा.

बेंच_नऊ_मीटर

खाणीचं मी सांगतो, कारण ढिगातला दगड हा आधीच फोडलेला, डिझेल जाळून वाहिलेला दगड आहे. तो वापरला नाही तर तेवढ्यासाठी नवा सुरुंग लागतो.

मिश्रणाचं गणित सोपं आहे. ढिगाची सरासरी ३८ धरू, लक्ष्य ४४.५. फेसवर (खाणीच्या चालू कापावर) ४५.५ चा दगड असेल तर ढिगातून (४५.५ − ४४.५) ÷ (४५.५ − ३८), म्हणजे १३ टक्के घेता येईल. फेस ४७ चा असेल तर २८ टक्के. म्हणून ४७ च्या बेंचमधला (खाणीच्या पायरीतला) दगड एकट्याने क्रशरला पाठवणं बंद करा. तो दगड प्रत्येक पाळीत ढिगाबरोबर जोडूनच गेला पाहिजे. आपल्या भागातली चुनखडी पैनगंगा समूहातली, पातळ थरांची. एकाच बेंचमध्ये वर शेलचे पट्टे आणि खाली चांगला दगड, असं हमखास असतं. ९ मीटरच्या भोकाचा एकच नमुना घेऊन भागत नाही. दर ३ मीटरला ड्रिलची भुकटी वेगळी घ्या, म्हणजे कोणता थर ढिगाला जोडायचा ते सुरुंगाआधी ठरतं. क्रशरनंतर क्रॉस-बेल्ट ॲनलायझर (पट्ट्यावरच दगड तपासणारं यंत्र) असेल तर मिश्रणाचा ढीग रचतानाच दुरुस्ती होते. नसेल तर स्टॅकरच्या (ढीग रचणाऱ्या यंत्राच्या) ढिगाचे थर वाढवा. रिक्लेमर (तो ढीग उचलणारं यंत्र) उभा काप घेतो, तेव्हा थर जितके जास्त तितका चढउतार कमी.

आता मुख्य मुद्दा, जो बहुतेक ठिकाणी सुटतो. तुमच्या क्लिंकरमधली ६ टक्के राख ही ६० टक्के सिलिकाची आहे. ती सामावून घ्यायलाच ४४.५ चा दगड लागतो. राख जवळजवळ शून्य असती तर त्याच एलएसएफला ४२.५ चा दगड पुरला असता, हे रॉ मिक्स शीटमध्ये स्वतः घालून बघा. म्हणजे कमी राखेचं इंधन आलं की ४५.५ च्या फेसबरोबर ढिगाचा वाटा १३ वरून ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. धुतलेला कोळसा घेतला तरी या दिशेने काही अंतर कापलं जातं. पेटकोक (तेल शुद्धीकरणातला कोक) घेतला तर राख जाते, पण गंधक ५-७ टक्के येतं. मग सल्फेट-अल्कली गुणोत्तर बघावं लागतं, नाहीतर किल्न इनलेटला थर आणि भट्टीत रिंग. निकृष्ट, मातीमिश्रित दगडात अल्कली थोडी जास्त असते, ती गंधक बांधून ठेवायला काही प्रमाणात उपयोगी पडते. पण भरवशावर राहू नका, हॉट मीलमधला एसओ३ (सल्फेट) आणि क्लोराइड दर पाळीला तपासा.

हिशेबातला एक विचित्रपणा आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर अहवालावर वाद होणार नाही. निकृष्ट दगड वापरला की क्लिंकरच्या टनामागे चुनखडीचे टन किंचित वाढतात, १.४५ चे १.५० होतील. तरीही हे योग्यच आहे. वाढलेले टन ढिगातले आहेत, फेसवरचा चांगला दगड वाचतो. म्हणून अहवालात ढिगातला आणि फेसवरचा दगड वेगळ्या रकान्यात दाखवा.

ढिगातली सिलिका कोणत्या रूपात आहे हेही पाहा. मातीतली सिलिका सहज भाजली जाते. चर्ट किंवा क्वार्ट्झचे दाणे असतील तर ते मोठे राहतात आणि भोवती बेलाइटचे (सावकाश ताकद देणाऱ्या घटकाचे) पुंजके होतात. फ्री लाइम (न जुळलेला चुना) १.२ वरून २ च्या वर उडी मारतो. मग चालक ज्योत वाढवतो, इंधन वाढतं, क्लिंकर कडक होतं आणि सिमेंट मिलची वीज वाढते. उपाय एकच, रॉ मील बारीक करा. ९० मायक्रॉनवरचा अवशेष (चाळणीवर उरणारा भाग) थोडाफार चालेल, पण २१२ मायक्रॉनवरचा १.५ टक्क्यांच्या खाली ठेवा, कारण क्वार्ट्झ तिथेच अडकून बसतो. ॲसिडमध्ये विरघळवून उरलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की लगेच कळतं.

पावसाळ्यात ढिगाला हात लावू नका. काळी माती ओली झाली की क्रशरच्या हॉपरमध्ये आणि शूटमध्ये लिंपल्यासारखी बसते. ढीग उन्हाळ्यात वापरा, जून ते सप्टेंबर फेसवरचा स्वच्छ दगड. वर्षभर एकच टक्का ठेवण्याचा हट्ट धरला की पावसाळ्यात क्रशर बंद पडतो आणि मग "ढीग नकोच" असं ठरून जातं.

राख_आणि_ब्लेन

३३ टक्क्यांना ३ दिवसांची ताकद पडते, हे फक्त राख वाढल्यामुळे नसावं. ३ टक्के क्लिंकर कमी झाल्याने ३ दिवसांची ताकद साधारण त्याच प्रमाणात उतरायला हवी. तुमची त्याहून जास्त उतरते असं दिसतंय. उत्तर द्यायच्या आधी चार गोष्टी सांगा: राखेचा ४५ मायक्रॉनवरचा अवशेष, तिचा एलओआय (तापवल्यावरची वजनातली घट), राख मिलमध्ये कुठे घालता, आणि सिमेंटचं ब्लेन (बारीकपणाचा अंक).

क्लिंकर_कोरपना

तिन्ही उत्तरांसाठी मनापासून धन्यवाद. ४७ चा दगड एकटा पाठवतो, हे खरं आहे.

राखेचा ४५ मायक्रॉनवरचा अवशेष ३८ ते ४०, एलओआय १.२. राख क्लिंकरबरोबर मिलच्या इनलेटला जाते. ब्लेन ३४०. बंकर वीज केंद्रातून ईएसपीच्या (धुरातली राख पकडणाऱ्या यंत्राच्या) पहिल्या फील्डच्या (कप्प्याच्या) राखेने भरतो, कारण ती केव्हाही मिळते.

राख_आणि_ब्लेन

मग अडचण स्पष्ट आहे. आयएस ३८१२ भाग १ मध्ये ४५ मायक्रॉनवरचा अवशेष ३४ टक्क्यांपर्यंतच चालतो. तुमची राख तिथेच नापास होते आहे. पहिल्या फील्डमध्ये सगळ्यात जास्त राख पडते आणि ती सगळ्यात भरड असते. पुढच्या फील्डांची राख कमी पण बारीक. बारीक राखेतल्या गोल काचेच्या कणांमुळे सिमेंटला पाणी कमी लागतं. भरड राखेत तुटके, सच्छिद्र कण जास्त, त्यांना पाणीही जास्त लागतं.

एलओआय १.२ आहे, म्हणजे न जळलेला कोळसा कमी, ही चांगली बाजू आहे. तो ४-५ वर गेला असता तर बांधकामावर काँक्रीटचं अ‍ॅडमिक्शर शोषलं गेलं असतं आणि रंगही काळपट आला असता.

आता काय करावं, क्रमाने.

वीज केंद्राकडून दुसऱ्या ते शेवटच्या फील्डची राख वेगळ्या सायलोतून मागा. सगळी मिळणार नाही. निम्मी मिळाली तरी मिश्रणाचा अवशेष ३० च्या खाली येईल.

राख मिलच्या इनलेटला घालणं थांबवा. निम्म्याहून जास्त राख आधीच ४५ मायक्रॉनखाली आहे. ती मिलमधून फिरवली की गोळ्यांना गादीसारखा थर बसतो, क्लिंकर नीट दळलं जात नाही, आणि ब्लेन मात्र राखेमुळे चांगलं दिसतं. तुमचं ३४० हे बहुतेक असंच फसवं आहे. त्यातलं क्लिंकर भरडच राहिलं असेल. राख मिल आउटलेटच्या एलेव्हेटरला किंवा थेट सेपरेटरच्या फीडला द्या. बारीक भाग सरळ सिमेंटमध्ये जाईल, भरड भाग रिजेक्टमधून मिलमध्ये परत येऊन दळला जाईल. मिलमध्ये क्लिंकरला जागा मिळेल. हा बदल केल्यावर सेपरेटरवरचा भार वाढतो, तेव्हा वेग आणि हवा पुन्हा जुळवा, आणि ट्रॉम्प कर्व्हसाठी (सेपरेटर बारीक-भरड किती नीट वेगळं करतो त्याच्या आलेखासाठी) फीड, फाइन्स, रिजेक्ट तिन्हीचे नमुने घ्या.

यापुढे फक्त ब्लेनवर विश्वास ठेवू नका. सिमेंटचा ४५ मायक्रॉनवरचा अवशेष मुख्य धरा. पीपीसीसाठी आयएसमध्ये ब्लेन किमान ३०० आहे, पण जास्त राखेला ३६०-३८० आणि ४५ मायक्रॉनवर १२-१४ टक्के अवशेष, या भागात काम सुरू करा.

जिप्सम पुन्हा ठरवा. ३० टक्क्यांना ठरवलेलं प्रमाण ३३ ला तसंच ठेवलं की सेटिंग लांबतं, कारण राखेने सी३ए (क्लिंकरमधला झटकन घट्ट होणारा घटक) पातळ झालेलं असतं आणि सल्फेट त्या मानाने जास्त होतं. एसओ३ १.८ ते २.८ या पट्ट्यात पाच पायऱ्यांनी प्रयोगशाळेच्या मिलमध्ये नमुने दळा आणि ३ दिवसांची ताकद जिथे सर्वाधिक आहे तो बिंदू घ्या. रासायनिक जिप्सम वापरत असाल तर आधी त्यातलं विद्राव्य फॉस्फेट बघा. सेटिंग लांबण्याचं ते वेगळंच कारण असू शकतं, आणि ते राखेच्या माथी मारलं जातं.

क्यूबची चाचणी करताना पाण्याचं सूत्र पी भागिले ४ अधिक ३ टक्के हेच आहे. राख वाढली की प्रमाणित घट्टपणा, म्हणजे पी, बदलतो. तो दर मिश्रणाला नव्याने काढा. जुन्या पी वर पाणी घातलं की ताकदीतला फरक राखेचा की पाण्याचा, हे कधीच कळत नाही.

शेवटी मर्यादेबद्दल. ३५ ही कमाल आहे, लक्ष्य नाही. राखेच्या फीडरमध्ये एक-दीड टक्क्याचा हेलकावा असतो, म्हणून ३३ वर थांबा. राख सायलोतून अचानक भळाभळा सुटते तेव्हा हा हेलकावा १० टक्क्यांचाही होतो. सायलो आणि फीडरमध्ये एक छोटा बिन ठेवा, त्याची पातळी लोडसेलवर कायम राखा, आणि सायलोच्या तळाला हवा कोरडी द्या.

आणि हे सगळं क्लिंकरवर अवलंबून आहे. तुमच्या रासायनिक आकड्यांवरून फ्री लाइम १.२ धरून सी३एस ५३ च्या आसपास येतं. ते चांगलं आहे. पण किल्न फीडच्या एलएसएफचा प्रमाण विचलन १.२ च्या आत आहे का? तो २ च्या वर असेल तर सी३एस तासातासाला हेलकावतं, आणि राखेची टक्केवारी नेहमी सगळ्यात वाईट तासावर ठरवावी लागते. वरच्या भाऊंनी खाणीचं जे सांगितलं ते म्हणूनच पीपीसीचंही काम आहे.

खडू_आणि_केओलिन

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. एलसी३ चं नेहमीचं मिश्रण: क्लिंकर ५०, भाजलेली माती ३०, न भाजलेली चुनखडी १५, जिप्सम ५. भारतात त्यासाठी आता आयएस १८१८९ (२०२३) आहे. तुमच्या आकड्यांत क्लिंकरसाठी ०.५ × १.४५ = ०.७३ टन चुनखडी आणि वर ०.१५ टन कच्ची. एकूण ०.८८. पीपीसीच्या ०.९६ पेक्षा फार कमी वाटणार नाही, पण ती ०.१५ टन तुमच्या ढिगातली असू शकते. इथे चुनखडी भाजायची नसते. एलसी३ मध्ये थोडा मॅग्नेशियम किंवा सिलिका जास्त असलेला दगडही चालतो, त्याच्यासाठी मानकातली अट तपासून घ्या. चांगला दगड ०.७३ वर येतो, ही खरी बचत.

पण जवळ राख मुबलक असताना आधी राख. एलसी३ चा प्रश्न तिथे सुरू होतो जिथे चांगली राख संपते, आणि जुनी वीज केंद्रं बंद होत जातील तशी ती वेळ येणारच आहे. म्हणून मातीचं सर्वेक्षण आत्ता करून ठेवणं शहाणपणाचं.

माती कशी ओळखायची: केओलिनाइट निदान ४० टक्के हवं. नमुना आधी ४०० अंशांवर स्थिर वजनापर्यंत तापवा, मग ६०० अंशांवर. मधली वजनातली घट केओलिनाइटच्या पाण्याची असते. केओलिनाइट आपल्या वजनाच्या १४ टक्के पाणी सोडतं, म्हणून घट ÷ ०.१४. घट ५.६ टक्के आली म्हणजे ४० टक्के केओलिनाइट. साध्या मफल भट्टीत अंदाज येतो, नक्की आकड्यासाठी टीजीए (तापवत वजन मोजणारी चाचणी). काळ्या मातीवर वेळ घालवू नका. ती मुख्यतः स्मेक्टाइट, भाजल्यावर तिची प्रतिक्रिया फारच कमी.

भाजायचं ७०० ते ८५० अंशांत. ९०० च्या वर गेलं की नवे स्फटिक बनू लागतात आणि माती मेल्यासारखी होते. लोहामुळे माल लालसर येतो आणि ग्राहक करडा रंग मागतो. थंड करताना सुरुवातीच्या टप्प्यात ऑक्सिजन कमी ठेवला की रंग करडा राहतो.

सगळ्यात मोठी चूक दळताना होते. माती आणि चुनखडी दोन्ही मऊ. क्लिंकरबरोबर एकत्र दळलं की त्या पिठासारख्या होतात, क्लिंकर भरड राहतं. ब्लेन ५०० दाखवतं आणि १ दिवसाची ताकद काहीच नाही. क्लिंकर वेगळं दळून मग मिसळा. पाणीही जास्त लागतं, तेव्हा पीसीई (पाणी कमी करणाऱ्या) प्रकारचं अ‍ॅडमिक्शर गृहीत धरूनच काँक्रीटचं मिश्रण ठरवा.

स्लॅगची_वॅगन

कंपोझिट सिमेंटचा पर्याय कुणी मांडला नाही म्हणून लिहितो. आयएस १६४१५ (२०१५) मध्ये क्लिंकर ३५-६५, राख १५-३५, स्लॅग २०-५०. समजा क्लिंकर ४५, राख २५, स्लॅग २६, जिप्सम ४. चुनखडी ०.४५ × १.४५ = ०.६५ टन. आतापर्यंतच्या सगळ्या पर्यायांत हा सगळ्यात कमी आकडा आहे, आणि राख तुमच्या दारात आहे. स्लॅग भिलाईकडून रेल्वेने आणावी लागेल. कोकणातल्या डोळवीची स्लॅग तुमच्यासाठी लांब पडते, ती पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबईच्या बाजूलाच वापरली जावी हे बरं.

स्लॅग ८-१२ टक्के ओली येते, बॉल मिलमध्ये तशीच घातली तर डायफ्रामच्या फटी बुजतात. ती क्लिंकरपेक्षा कडकही असते. एकत्र दळली तर क्लिंकर अतिबारीक आणि स्लॅग भरड, म्हणजे जिची प्रतिक्रिया सावकाश तीच भरड. वेगळी दळा, ४०० ब्लेनच्या वर, आणि शेवटी ब्लेंडरमध्ये मिसळा. वेगळी मिल नसेल तर पिसलेली स्लॅग बाहेरून घेऊन मिसळण्यापासून सुरुवात करता येते.

साइटवरचा_क्युरिंगवाला

तुम्ही कारखान्यात ३० किलो वाचवाल आणि बांधकामावर ते अर्ध्या दिवसात जाईल, म्हणून हा भागही लिहितो.

आयएस ४५६ प्रमाणे ओपीसीला निदान ७ दिवस पाणी मारायचं, राखेच्या सिमेंटला निदान १० दिवस. चंद्रपूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ च्या वर असताना, १४ दिवसच धरा. राख क्लिंकरच्या चुन्याबरोबर सावकाश काम करते. पाणी तिसऱ्या दिवशी बंद झालं की तिचं काम तिथेच थांबतं. मग गवंडी म्हणतो "पीपीसीत दम नाही" आणि पुढच्या स्लॅबला प्रत्येक घनमीटरला एक पोतं जास्त टाकतो. स्लॅबच्या खालचे टेकू काढायचा दिवस ओपीसीच्या सवयीने ठरवू नका, क्यूब तोडून ठरवा.

पाणी १० लिटरने कमी झालं तर ०.४५ च्या गुणोत्तराला प्रति घनमीटर २२ किलो सिमेंट वाचतं. तुमच्या पीपीसीत म्हणजे २१ किलो चुनखडी. वाळूतला बारीक गाळ कमी करणं, खडीच्या २० आणि १० मिलिमीटरचं प्रमाण बांधून घेणं, एवढ्याने १० लिटर सहज निघतात. आणि रेडिमिक्सवाल्यांना कळवा की पोत्यावर राखेची टक्केवारी छापलेली असते ती वाचा. ते ओपीसी समजून पीपीसीत वरून आणखी राख घालतात, मग ताकद पडते आणि दोष तुमच्या ३३ टक्क्यांना जातो.

क्लिंकर_कोरपना

सगळ्यांचे आभार. ठरवलेला क्रम: आधी ओपीसीत ५ टक्के राख, त्याच वेळी बारीक फील्डची राख मागवणं, मग राखेचा फीड सेपरेटरकडे. ढीग ऑक्टोबरपासून १० टक्क्यांनी. एक शंका: एलेव्हेटरला राख देण्यासाठी एअरस्लाइड (हवेवर राख सरकवणारी उतरती नळी) टाकायची आहे, सायलोपासून २२ मीटर अंतर आहे. उतार किती ठेवावा?

राख_आणि_ब्लेन

६ ते ८ अंश. २२ मीटरला ८ अंशाने ३ मीटरहून थोडा जास्त उतार लागतो, तेवढी उंची सायलोच्या तळाशी आहे का ते आधी मोजा. नसेल तर मध्ये एक छोटा एलेव्हेटर घ्या, पण उतार ५ अंशाखाली नेऊ नका. भरड राख एअरस्लाइडच्या कापडावर थांबते आणि पावसाळ्यात ओली हवा लागली की तिथेच घट्ट होते. शेवटच्या टोकाला हवा बाहेर जाण्यासाठी बॅग फिल्टरची वाट द्या, नाहीतर एलेव्हेटरच्या बूटमध्ये (तळाच्या पेटीत) दाब वाढून राख बाहेर उडेल. आणि ओपीसीतल्या ५ टक्क्यांसाठीही हीच राख वापरणार असाल तर ती आयएस ३८१२ च्या अवशेषात बसल्याशिवाय सुरू करू नका. आधी फील्ड बदला, मग ओपीसी.